अकरा वाजता उघडणारं दार

आमच्या जळीत वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. ज्यांना लिहिता येतं ते त्यांना ओळखत नव्हते, म्हणून मी लिहितो आहे. मी त्या वॉर्डात सव्वीस वर्षं मदतनीस होतो. चादरी बदलायच्या, बादल्या न्यायच्या, माणसं उचलून ठेवायची.

सिस्टर ठेंगण्या होत्या आणि चालताना त्यांच्या पावलांचा आवाज येत नसे. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणत, "बावीस जणांचं खाणंपिणं आणि रुसवेफुगवे बघते. आणखी संसार कशाला मांडू?" मी बोलत नाही म्हणून त्यांनी माझं नाव मौनीबाबा ठेवलं होतं.

त्यांना काळजी एकच होती. भाजलेल्या माणसांचं काम जाणणारे मोठे डॉक्टर एकटेच, आणि तेही निवृत्तीकडे झुकलेले. त्यांच्यामागे कोण? शिकून बाहेर पडणारी मुलं कुणी हृदयाकडे जात, कुणी डोळ्यांकडे. आमच्याकडे कुणी फिरकत नसे. सिस्टर म्हणत, "पोरं वॉर्ड पहिल्यांदा कुठल्या वेळी बघतात, त्यावर सगळं आहे. तेव्हा जे पोर घाबरलं, ते पुन्हा वळून बघत नाही."

कॉलेजची पहिल्या वर्षाची मुलं आठवड्यातून दोन दिवस वॉर्डात यायची. सिस्टरांनी त्यांच्यासाठी एक नियम केला होता. सकाळी आठ ते साडेदहा पट्ट्या सुटायच्या. जुनी पट्टी जखमेला चिकटलेली असते, कितीही भिजवा, निघताना माणूस ओरडतोच. त्या वेळात दोन्ही दारांना आतून कडी. सिस्टर स्वतः लावायच्या. अकराला दार उघडायचं. तोवर पेशंट नव्या पांढऱ्या पट्ट्यांत, चहा होऊन जरा निवांत झालेले असत. मग एकेका मुलाला एकेक पेशंट द्यायचा आणि हातात वाटी-चमचा. ज्यांचे हात बांधलेले असत, त्यांना भरवायचं. "आधी भरवायला शिका," सिस्टर सांगायच्या, "तपासणं आयुष्यभर आहेच." एकदा माणसाशी ओळख झाली की मग त्या मुलाशेजारी उभ्या राहून जखम दाखवायच्या.

एका वर्षी एक चष्मेवाली मुलगी आली. तिच्या वाट्याला पावाच्या भट्टीवर भाजलेले काका आले. त्यांची पाठ आणि दोन्ही हात भाजले होते. पहिल्या दिवशी तिचा हात इतका थरथरत होता की काका म्हणाले, "पोरी, तोंड इकडे आहे. कानाला भूक नाही लागलेली!"

सगळा वॉर्ड हसला. तीही हसली, आणि मग रोजच यायला लागली. महिन्याभराने सिस्टरांना म्हणाली, "मी शिकून इथंच येणार." सिस्टर म्हणाल्या, "बघू." पण त्या दिवशी त्यांनी मला दोनदा चहा पाजला.

आता माझ्याबद्दल सांगायचं आहे, ते टाळत होतो.

मळक्या चादरी साडेदहानंतरच न्यायच्या असत. एका सकाळी ढीग फार झाला म्हणून मी साडेनऊलाच बाजूच्या दाराची कडी काढली. बाहेर चष्मेवाली उभी होती, हातात दुधाचा ग्लास.

"मामा, मला आत घ्या ना. आज काकांच्या पाठीची मोठी पट्टी आहे. मी असले तर त्यांना बरं वाटेल."

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. मी बाजूला झालो. सिस्टर आमच्याकडे पाठ करून पट्टीत गुंतल्या होत्या.

काका पालथे होते. त्यांची पाठ उघडी होती. त्यांनी मान वर केली, तर समोर ती. तो हसरा माणूस तिच्यावर गुरासारखा ओरडला, "हिला बाहेर काढा! बघू नकोस, जा!" ग्लास तिच्या हातून सुटला. मी गाठोडं खाली ठेवेपर्यंत ती जिना उतरून गेली होती.

काम संपल्यावर सिस्टर त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कडीला हात लावून म्हणाल्या, "मीच लावायची विसरले वाटतं."

मी मूग गिळून गप्प बसलो. उद्या सांगू असं मनाशी म्हटलं.

ती परत आली नाही. काका आठवडाभर अकरा वाजले की दाराकडे बघायचे आणि दुसऱ्या मुलाने चमचा पुढे केला की तोंड फिरवायचे. पुढे कानावर आलं की मुलीने एक्स-रेचा विभाग घेतला. सिस्टरांनी कॉलेजला चिठ्ठी लिहिली, पहिल्या वर्षाची मुलं आमच्याकडे पाठवू नका. त्यानंतर फक्त शेवटच्या वर्षाची मुलं यायची, तीही पट्ट्यांच्या वेळी, नाकाला रुमाल लावून, अर्धा तास. मोठे डॉक्टर निवृत्त झाले. दोनदा जाहिरात दिली, एकही अर्ज आला नाही. वॉर्ड बंद झाला आणि आमचे पेशंट सर्जरीच्या वॉर्डात पडद्यामागे गेले. त्याच वर्षी सिस्टरही निवृत्त झाल्या.

त्या भाचीकडे राहत. अर्धांगाच्या दोन झटक्यांनी दोन्ही हात निकामी झाले होते, बोलणं मात्र शाबूत होतं. मी दर रविवारी जायचो आणि दुधात बिस्कीट भिजवून भरवायचो. "मौनीबाबा, चमचा पुढे कर, विचार नंतर," असं म्हणायच्या.

एका रविवारी मी सांगून टाकलं. अकरा वर्षांनी.

त्यांनी तोंडातला घास गिळला. मग म्हणाल्या, "कडी तू काढलीस?"

"हो."

"मला वाटलं, माझंच लक्ष राहत नाही आता. उद्या आणखी कुणाच्या बाबतीत असंच झालं तर? म्हणून पोरांचं येणंच बंद केलं." मग म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, आणि पुढच्या वर्षी अकराला दार उघडलं असतं. इतक्या वर्षांत किती पोरं आली असती रे. एखादं तरी राहिलं असतं."

मी चमचा पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं.

भाची आतून म्हणाली, "मावशी, खा ना गं, दूध निवतंय." शेवटी तिनेच येऊन भरवलं.

त्यानंतर त्या चार महिने होत्या. मी दर रविवारी गेलो. येऊ नकोस असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मी वाटी धरायचो, आणि चमचा भाची धरायची.