दळण होईपर्यंत

आमच्या दुकानात नाल मारून घ्यायला आलेल्या घोड्याला आधी गिरणीत जावं लागतं, मग नदीवर, मग कधीकधी भाजीवालीकडे. हे सगळं उरकलं की मग ते मालकाला परत मिळतं. ही पद्धत मी पाडलेली नाही. माझ्या बायकोनं, नूरबीनं पाडली आहे, आणि तिच्यापायी मी किती वर्षं डोकं आपटून घेतो आहे ते माझं मला माहीत.

मी जलाल नालबंद, जुन्नरचा. नाल ठोकला की घोडं थोडं चालवून बघावं लागतं. खिळा खुराच्या टणक भागातच बसला की आतल्या नाजूक मांसापर्यंत गेला, हे बाहेरून दिसत नाही, चालीत कळतं. एकावन्न साली एका तट्टानं माझ्या गुडघ्यावर लाथ घातली. तेव्हापासून माझा डावा पाय वाकत नाही आणि मला घोड्यावर नीट मांड टाकता येत नाही. नूरबी ओतूरच्या मणियाराची लेक. बाप बांगड्यांच्या टोपल्या तट्टावर लादून गावोगाव हिंडायचा आणि ही त्या टोपल्यांच्या मधे बसून वाढली. माझा पाय गेला त्या आठवड्यात पदर खोचून म्हणाली, "मी बघते चालवून." मला वाटलं, चार दिवसांची गोष्ट आहे.

मी सांगायचो, "कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत ने, वळव आन ये." ती हो म्हणायची आणि ज्वारीचा डबा पुढ्यात घेऊन निघायची. दारात घोडं उभं असताना दळण डोक्यावरून का वाहायचं, हा तिचा सवाल. मग तिथूनच नदीवर, वाळलेलं धुणं गोळा करायला. एकदा एका शेटजींचा पांढरा घोडा, दुसऱ्या दिवशी नवरदेव बसायचा होता त्यावर, मेथीच्या चार जुड्या घेऊन परत आला. शेटजी माझ्याकडे बघत राहिले. मी खिळे मोजत बसलो.

बरं, जाताना गप्प जाईल तर ती नूरबी कसली. "भाकरी तव्यावर हाय, उलटा," असं ओरडून जायची. म्हणजे इकडे गुडघ्याशी घोड्याचा खूर धरलेला, तिकडे भाकरी करपते आहे, आणि गिऱ्हाईक विचारतं आहे की माझं जनावर कुठे गेलं. मी चिडून बोललो की तिचं उत्तर ठरलेलं: "सपाट गल्लीत कुनीबी नीट चालतंय. पाठीवर वझं घेऊन नदीच्या गोट्यांतनं गेलं, की मग जनावर खरं काय ते सांगतंय." आणि परत आली की, "पुढला उजवा, जरा सैल हाय," किंवा, "चारी पाय ठीक." मला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा सांगू? तिचं कधी चुकायचं नाही.

छप्पन साली महाशिवरात्रीच्या चार दिवस आधी गेणभाऊ आपली तांबडी घोडी घेऊन आला. गेणभाऊ महाळुंगे पडवळचा. ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्यांना घोडीवर बसवून भीमाशंकरला न्यायचं, हे त्याचं काम. शिवरात्रीचे चार दिवस हाच त्याचा खरा हंगाम, आणि घरात त्या घोडीशिवाय दुसरं कुणी नाही. दुकानात चार गिऱ्हाइकं खोळंबलेली होती, मी घाईत होतो. चारही नाल मारले. नूरबी दळण घेऊन गेली ती पाऊण तासानं आली. उतरायच्या आधीच म्हणाली, "मागला डावा. आतल्या अंगाचा दुसरा खिळा. काढा त्यो."

गिऱ्हाइकांतला एकजण हसून म्हणाला, "नालबंद, तपासनीस ठिवलाय व्हय घरात?" बाकीचेही हसले.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "घोडीला काय बी झालेलं न्हाई. दळन लादल्यावर कुठलं जनावर नाचत यील? आजपासून पिंपळाच्या फुडं गेलीस तर बघ." आणि गेणभाऊला म्हणालो, "बिनघोर ने." त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि घोडी घेऊन गेला. नूरबी डबा उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं माझं ऐकलं. यासारखी शिक्षा नाही. तीन घोडी आली. प्रत्येकाला पिंपळापर्यंत नेलं, वळवलं, आणलं, "घ्या" म्हणाली. मग डबा डोक्यावर घेऊन पायी गिरणीत गेली. धुण्याचं बोचकं डोक्यावर आणलं. भाकरी वेळेवर झाली, गोल झाली, करपली नाही. पाच वर्षं मी हेच मागत होतो. आता कुणावर ओरडू, हे मला कळेना. दुपारी ती गोल भाकरी अर्धीच टाकून मी उठलो.

कारण मला माहीत होतं. खिळा टणक खुरात जातो तेव्हा हातोडीखाली टणटण वाजतो. तांबडीच्या त्या पायात दुसरा खिळा ठोकताना आवाज बद्द आला होता. मी तो ऐकला होता आणि घाईत हात थांबवला नव्हता. आणि नंतर चार माणसं हसली म्हणून मी खोटं बोललो. हे सांगताना आजही मला माझी लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी जाऊन म्हणालो, "त्या खिळ्याचा आवाज बद्द आला व्हता."

"ठावं हाय," ती म्हणाली. "मी हितंच व्हते. मीबी ऐकला."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले की."

तिनं पातेलं उतरवलं, चूल विझवली. अंगणात एका व्यापाऱ्याचा काळा घोडा बांधलेला होता. त्याला आदल्या दिवशी नाल मारले होते, मालक संध्याकाळी न्यायला येणार होता. "ह्याला चालवून बघायचंच हाय," नूरबी म्हणाली. "बसा मागं. पक्कड घ्या."

भर सकाळी जुन्नरच्या बाजारातून मी बायकोच्या मागे घोड्यावर बसून गेलो. तिची कंबर धरलेली, आणि माझा ताठ पाय बाहेर आलेला. तो पाय एका कुंभाराच्या मडक्यांना लागता लागता राहिला. ज्यांना मी दहा वर्षांत पाहिलं नव्हतं तेसुद्धा त्या दिवशी नेमके रस्त्यात भेटले. डोंगराची वाट चढताना गुडघ्यातून कळा येत होत्या. मी शिव्या देत होतो, आणि मनातल्या मनात दुवा मागत होतो की गेणभाऊ अजून निघालेला नसावा.

निघतच होता. दारात घोडीवर खोगीर घातलेलं. साळुबाई नावाची म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर तयार बसलेली. तांबडी मागचा डावा पाय नुसता टेकवून उभी होती.

"घाटात दमलीया," गेणभाऊ म्हणाला. "चालाय लागली की सुटंल पाय."

"कुनाला बसवू नगंस," मी म्हणालो. "माझी चूक हाय. हिनं सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई."

खुराला हात लावला तर गरम लागला. खिळा उपटला. आधी काळं पाणी आलं, मग रक्त. घोडी थरथरली आणि तिनं पाय माझ्या हातात सोडून दिला. या पायानं ती भीमाशंकरचा चढ चढली असती तर जन्माची लंगडी झाली असती. गेणभाऊनं खोगीर उतरवलं. "यंदाची शिवरात्र गेली," म्हणाला.

नूरबी त्याच्याच चुलीवर कडुलिंबाचा पाला आणि मीठ घालून पाणी तापवत होती. तिथूनच म्हणाली, "शिवरात्र गेली, भाऊ. घोडी न्हाई गेली."

साळुबाईनं बसल्या जागेवरून डोंगराकडे तोंड करून हात जोडले. गेणभाऊ माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि का बोलावं त्यानं? परत येताना नूरबीनं घाटात उतरून सरपण गोळा केलं आणि मोळी माझ्या मांडीवर ठेवली. मी ती मुकाट्यानं धरली.

गेणभाऊ पुन्हा येणार नाही असं मी धरून चाललो होतो. दीड महिन्यानं एका सकाळी तांबडी दारात उभी राहिली. चारही पायांवर. गेणभाऊ बाकावर बसला. दुकानात नेहमीची गर्दी होती. मी खूर तासले, नाल बसवले, एकेका खिळ्याचा आवाज कान देऊन ऐकला. मग पाय ओढत आत गेलो आणि ज्वारीचा डबा घेऊन बाहेर आलो.

"दळन," मी नूरबीला म्हणालो. "आन नदीवरनं धुनं आन. आन मेथी संपलीया."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि घोडीवर बसली. "भाकरी तव्यावर हाय," असं म्हणून गेलीसुद्धा.

एका गिऱ्हाइकानं विचारलं, "किती येळ लागंल आता?"

"दळन हुईपर्यंत," मी खेकसलो. "बसा."

ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी दारात उभा होतो. मागे गिऱ्हाइकं कुरकुरत होती, खोळंबलेले घोडे लीद टाकत होते, पाय ठणकत होता. इतका साधा, इतका वैतागाचा दिवस मला परत मिळाला म्हणून मी तिथंच अल्लाचा शुक्र मानला.

ती आली. हातांना पीठ, पुढ्यात धुणं, मेथी. गेणभाऊ उठला आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "वहिनी, नेऊ का?"

तिनं लगाम त्याच्या हातात दिला. "चारी पाय ठीक. पन मला काय इचारता? नालबंद हे हाईत."

दीड महिन्यानं गेणभाऊ पहिल्यांदा माझ्याकडे वळला आणि उत्तराची वाट बघत थांबला. मी मान डोलावली आणि भाकरी करपल्याचा वास आला म्हणून आत गेलो. खरंच करपली होती. ती मी एकट्यानं सगळी खाल्ली.