आत्या, मिक्सरचं झाकण आणि आमचा चॅटबॉक्स

मी शाळेत होते तेव्हा ठाण्याच्या खाडीत मासे कमी आणि बाकीच्या वस्तूच जास्त मिळायच्या. बाबा होडी घेऊन जायचे आणि जाळ्यात दुधाच्या पिशव्या, थर्माकोल घेऊन यायचे, एकदा तर चांगली कोरी चप्पल घेऊन आले. एकच, उजव्या पायाची. डावीही तिथेच असणार म्हणून त्यांनी पुढे कितीतरी दिवस त्याच जागी जाळं टाकलं. तेवढ्या काळात आम्ही आधी जवळा-भात खाल्ला, मग नुसता भात. आई आणि आत्या दुसऱ्यांच्या होडीवरचे मासे विकत घेऊन बाजारात बसायच्या आणि विकले गेले नाहीत तेच आमच्या ताटात यायचे. त्यामुळे घरी चांगला मासा शिजला म्हणजे त्या दिवशी धंदा बुडाला. पापलेट दिसलं की मी आधी आईचा चेहरा बघायचे.

त्या घरातून मी कॉलेजला गेले आणि पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. मग वागळे इस्टेटमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. आम्ही चॅटबॉक्स बनवतो. म्हणजे दुकानाच्या वेबसाइटवर खाली कोपऱ्यात 'काही मदत हवी का?' म्हणत जी चौकट उगवते, ती. लोक तिच्यावर वैतागतात ते मला माहीत आहे. पण ती कुणीतरी बनवतंच ना.

तोवर आत्याची नजर साखरेने गेली होती. बाजार सुटला, पण तोंड शाबूत होतं. तिला मी बोलणारा फोन लावून दिला. बोट फिरवलं की तो वाचून दाखवतो, तोंडाने सांगितलं की लिहून घेतो. आठवडाभरात ती त्याला शिव्या द्यायला लागली, म्हणजे जमलं.

मग वाटणासाठी तिने ऑनलाइन मिक्सर मागवला. तो आला, पण मोठ्या भांड्याचं झाकणच नव्हतं. चालू केल्यावर पहिल्याच फटक्यात हिरवं वाटण पंख्यापर्यंत गेलं. मिक्सर कंपनी तक्रार फक्त चॅटवर घेणार होती, तीही महिनाअखेरपर्यंतच. आणि तो चॅटबॉक्स आमच्या कंपनीचा निघाला!

"आण फोन, मी करते," मी म्हणाले.

"नाय. झाकण माझा, भांडण पण माझा. तुला कुठं भाव करता येतो? तू रिक्षावाल्याला थँक्यू बोलतेस."

"अगं आत्या, तो बॉक्स मीच बनवलाय."

"मग बघूया ना तुझं दुकान."

तिने बोट फिरवलं. फोन म्हणाला, "बटण." पुढे सरकवलं. "बटण." अजून पुढे. "बटण. बटण."

"पोरी, हा चॅट हाय का शेरवानी?"

आम्ही बटणांवर चित्रं काढली होती, नावं द्यायची राहिली होती. चाचपडत शेवटी ती आत शिरली आणि बोलली, "बाय गो, जेवलीस का?" पलीकडची मुलगी उत्तर लिहू लागली, तसा फोन सुरू झाला, "प्रतिनिधी टाइप करत आहे. प्रतिनिधी टाइप करत आहे. प्रतिनिधी टाइप..."

"कर की मग! कुणी अडवलंय तुला?"

मुलीने कळवलं, झाकण पंधरा दिवसांत पाठवतो. आणि आत्या गप्प बसली. ही तिची बाजारातली रीत. गिऱ्हाइकाने कमी भाव सांगितला की ती काही म्हणायचीच नाही. माशांवर पाणी शिंपडायची, भलतीकडे बघायची. गिऱ्हाईक अवघडून आपणच वर चढायचं. तशी ती फोन मांडीवर ठेवून बसली. थोड्या वेळाने फोन म्हणाला, "प्रतिसाद न मिळाल्याने संभाषण संपले आहे."

"संपला कसा? मी आता कुठं गप्प बसायला लागलेय!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या टीम लीडला सगळं सांगितलं. हा डोंबिवलीचा, शुद्ध बोलणारा. त्याने मनावर घेतलं आणि बटणांना स्वतः नावं दिली. संध्याकाळी आत्याच्या फोनने वाचलं, "हे बटण दाबल्यास आपला बहुमूल्य संदेश आमच्या प्रतिनिधींकडे सुपूर्द करण्यात येईल."

"हा बटण हाय का नगरसेवक?"

हे लीडला कळवलं, तर तो इरेला पेटला. डोळ्यांवर रुमाल बांधून, फोनचं बोलणं ऐकत, मिक्सर कंपनीच्या साहेबांना 'नमस्कार' पाठवायला बसला. इमोजींच्या कप्प्यात शिरला आणि तिथून बाहेर येईना. शेवटी घामाघूम होऊन त्याने काहीतरी दाबलं. साहेबांचं उत्तर आलं, "सर, रडणारी मांजर का पाठवली? घरी सगळं ठीक ना?"

त्यानंतर काम नीट सुरू झालं. बटणाचं नाव एका शब्दात, 'पाठवा'. टाइप होत असताना एकदाच हलका 'टिक' आवाज. अडलं ते तिसऱ्या गोष्टीवर. बॉक्स आपणहून बंद होता कामा नये, असं मी म्हणत होते.

"अगं, असं उघडं ठेवलं तर प्रतिनिधी अडकून पडेल. बाकीच्या ग्राहकांचं काय?" लीड म्हणाला.

"आई एका वेळी चार गिऱ्हाइकं करते. एक विचार करत उभं असतं, तोवर ती दुसऱ्याची कोलंबी सोलते. उभ्याला हाकलत नाही. ऐकून, चाचपडून लिहायला वेळ लागतो रे."

त्याने खिशातला तोच रुमाल काढून घाम पुसला. "बरं. उभं राहू देत."

महिनाअखेरीला आत्या सुकट निवडत बसली आणि चॅट उघडला. पुन्हा जेवणाची चौकशी, मुलीकडून पुन्हा पंधरा दिवसांचा वायदा. आत्या गप्प. या वेळी बंद न होता फोनने विचारलं, "अजून वेळ हवा आहे का?"

"हवाय," म्हणून तिने बटण दाबलं आणि पुन्हा सुकटीत हात घातला.

फोनने मुलीचं उत्तर वाचलं, "मॅडम, आहात ना? आठ दिवसांत पाठवतो."

मी तिला कोपर मारलं. तिने मलाच चिमटा काढला. बऱ्याच वेळाने फोन पुन्हा वाचू लागला, "मॅडम, परवापर्यंत नक्की. गैरसोयीबद्दल चटणीच्या भांड्याचं जास्तीचं झाकणही देतो."

"आता बोलते," आत्या म्हणाली. "चालेल गो बाय. जेवून घे."

दोन्ही झाकणं आली आणि घट्ट बसली. आता आमचा चॅटबॉक्स ज्या दुकानांच्या वेबसाइटवर आहे, तिथे दृष्टी नसलेलं माणूस कुणाला शेजारी न बसवता आपली तक्रार आपण करू शकतं. ते काम मी आणि आमच्या लीडने केलं.