संयोगिताबाईंचा थांबायचा धडा

बडोद्याच्या समा भागातल्या कुठल्याही सोसायटीत जा, संयोगिताबाई शितोळ्यांकडे गाडी शिकलेली एखादी तरी बाई तुम्हाला भेटेल. मीही त्यांच्यातलीच. बाई शेजारच्या सीटवर बसायच्या, पदर खोचून, दोन्ही हात मांडीवर. आपण गाडी कितीही वेडीवाकडी नेली तरी त्यांचा आवाज चढायचा नाही. "वांधो नाही, परत घे," एवढंच म्हणायच्या. त्यांच्या पायाशी जादा क्लच-ब्रेक बसवलेले होते, पण ते त्या क्वचितच वापरत. आपण आपल्याच हातांनी गाडी सावरली असं शिकणारीला वाटलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांचे आजोबा बडोदा संस्थानच्या घोडदळात स्वार होते. संस्थान विलीन झालं, पलटणी मोडल्या, आणि बाईंचे वडील मोहनराव यांच्या हाती घोड्याच्या लगामाऐवजी ट्रकचं स्टिअरिंग आलं. पुढे वाघोडियाला कारखाने उभे राहिले, तेव्हा ते तिथल्या एका कारखान्याची जीप चालवू लागले. सुटीच्या दिवशी त्यांनी आपल्या एकुलत्या एका लेकीला तिथल्या मोकळ्या माळावर त्या जीपवर बसवलं. "तुला घोड्यावर बसवायचं राहून गेलं, निदान यावर तरी बस," असं म्हणाले होते म्हणे.

त्या शिक्षणाचा उपयोग फार उशिरा झाला. संयोगिताबाईंचे यजमान नारायणराव कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडली, ते घरी बसले, आणि नेमक्या त्याच सुमाराला, नव्वदच्या नंतर, शहरात घराघरांपुढे छोट्या गाड्या दिसू लागल्या. गाडी आली की नवरा बायकोला शिकवायला घेई आणि तिसऱ्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलेनाशी होत. असल्याच एका जोडप्याचं भांडण सोसायटीच्या फाटकात ऐकून बाईंना कल्पना सुचली. त्यांनी एक जुनी मारुती घेतली, मांडवीजवळच्या एका मेकॅनिककडून तिला जादा क्लच-ब्रेक बसवून घेतले आणि मागच्या काचेवर गुजरातीत रंगवलं, 'फक्त बहेनो माटे', म्हणजे फक्त बायकांसाठी. नारायणराव रोज सकाळी गाडी पुसून द्यायचे आणि शिकणाऱ्यांच्या वेळा सांभाळायचे. त्यांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

निरुपमा वैशंपायन माझ्यानंतर शिकली. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. अतिशय नीटनेटकी आणि काळजीपूर्वक गाडी चालवायची, पण एकच गोष्ट तिला जमत नसे. कुणी तिच्याकडे बघून हातवारे केले की तिचे हातपाय गळायचे. पहिल्याच झटक्यात लायसन मिळालं. त्यानंतरच्या संक्रांतीत ती आपल्या सासूबाईंना, म्हणजे चिमणाबाईंना, दांडिया बाजारात एका नातेवाइकांकडे हळदीकुंकवाला घेऊन निघाली. बाई शेजारी नसताना, गाडीत कुणाला तरी बसवून, ती पहिल्यांदाच चालवत होती. चिमणाबाई मागच्या सीटवर डाव्या दाराशी बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येई, आणि गाडी सुरू झाली की डोळा लागे.

काळ्या घोड्याच्या सर्कलला वळसा घालताना शिट्टी वाजली. निरुपमानं बघितलं तर डाव्या हाताला एक पोलीस जमादार काठी उगारून तिच्याकडेच धावत येत होता आणि मोठ्यानं काहीतरी ओरडत होता. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. थांबावं हे समजत होतं, पण पाय ब्रेकवर जाण्याऐवजी ॲक्सिलरेटरवरच राहिला. एवढ्यात गाडीवर मागून धाडकन आवाज झाला. तिला वाटलं, त्यानं काठी मारली. गाडी पुढे सुटली. आरशात तिनं पाहिलं, तर तो खाकी कपड्यातला माणूस रस्त्यावर पडला होता आणि लोक त्याच्याभोवती जमत होते.

ती थांबली नाही. दांडिया बाजारात गाडी लावली, जाग्या झालेल्या चिमणाबाईंना हाताला धरून आत पोचवलं, आणि तिथूनच नवऱ्याला फोन केला. आनंदचं उत्तर होतं, "नंबर कुणी घेतला नसेल. तू गप्प राहा. मी आलो की गाडी मी घरी आणतो."

तिला गप्प राहवेना. ती रिक्षा करून थेट समाला बाईंकडे आली. त्या वेळी मी माझ्या फीचा राहिलेला शेवटचा हप्ता द्यायला तिथे गेले होते, म्हणून हे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. निरुपमा दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी पोलिसाला पाडलं."

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो उठला का?"

"माहीत नाही. मी निघून आले. आनंद म्हणतो, नंबर कुणी घेतला नसेल."

"नंबर घेतला की नाही हा नंतरचा प्रश्न. माणूस उठला की नाही हा आधीचा." बाईंनी चपला घातल्या. "चल."

"मला पकडतील का?"

"ते मला कसं ठाऊक असणार? पण मी तुझ्याबरोबर आहे."

मीही त्यांच्याबरोबर निघाले. आम्ही रिक्षानं दांडिया बाजारात गेलो. गाडीजवळ पोचताच निरुपमानं किल्ली बाईंपुढे धरली. बाई शांतपणे दुसऱ्या बाजूनं जाऊन शेजारच्या सीटवर बसल्या. या गाडीत त्यांच्या पायाशी ब्रेक नव्हता. "तूच चालव," त्या म्हणाल्या. निरुपमा रडत रडत, पण नीट, गाडी चालवत सर्कलपर्यंत आली.

तिथे दुसराच एक शिपाई उभा होता. बाईंनी उतरून चौकशी केली. "जमादारने हाथे वाग्युं छे, दवाखाने गया छे," तो म्हणाला आणि आम्हाला जवळच्या चौकीत बसायला सांगितलं. हाताला लागलंय, म्हणजे माणूस जिवंत आहे. निरुपमानं तेवढ्यावरच डोळे मिटून मोठा श्वास घेतला. पण पोलिसाला जखमी करणं ही काही लहान गोष्ट नव्हती. चौकीतल्या बाकावर आम्ही बसून राहिलो. बाईंनी तिचा हात धरून ठेवला होता.

जमादार आले तेव्हा त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि गळ्यात झोळी. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, मिशा पांढरट झालेल्या. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, पिलाजीराव माने. निरुपमा उभी राहिली. तिनं गुजरातीत सुरुवात केली आणि घाबरून मधेच मराठीवर आली. "ती गाडी माझी होती. मी थांबले नाही. चूक माझी आहे."

पिलाजीरावांनी तिच्याकडे बघितलं. मग चटकन विचारलं, "आजी कशा आहेत?"

आम्हाला काही उमगेना. "कोण आजी?" निरुपमानं विचारलं.

"मागं बसल्या होत्या त्या. पडल्या नाहीत ना कुठं?"

"नाही. त्या बऱ्या आहेत. हळदीकुंकवाला बसल्यात."

"देवाची कृपा," म्हणून ते खुर्चीवर टेकले. "तेव्हापासून तोच घोर लागला होता. अहो ताई, मागचं दार नीट लागलं नव्हतं तुमचं. सर्कलला वळलात की ते बाहेर झुलायचं, आणि आजी त्याच्यावरच रेलून झोपलेल्या. अजून एक वळण, की त्या रस्त्यावर आणि मागून बस. मी शिट्टी मारली, तर तुम्ही उलट वेग वाढवलात. मग काय करणार? धावलो आणि दार ढकलून दिलं. ते बसलं बरोबर, पण माझा तोल गेला."

निरुपमा खाली बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. पण आता ते रडणं वेगळं होतं. मघापासून छातीवर बसलेलं काहीतरी उतरत होतं. ज्या माणसाला आपण दुखावून पळालो असं ती समजत होती, त्यानं तिच्या घरातला जीव वाचवला होता.

"मला वाटलं, तुम्ही काठी मारलीत," ती कशीबशी म्हणाली.

"वाटणारच," पिलाजीराव म्हणाले. "मी काठीनं दाराकडे दाखवत होतो. पण उगारलेली काठी बघून बाईमाणूस थांबेल कशाला? वर ओरडलोही असेन अरे-तुरे. घाईत तोंडाला लगाम राहत नाही. तेवढं मनावर घेऊ नका."

"तुम्ही माफी कसली मागता?" निरुपमा म्हणाली.

"माफी नाही हो. जे झालं ते सांगतो." ते हसले. "आता पावती मात्र फाडावी लागेल. हात केल्यावर न थांबल्याची. माझ्याच्यानं लिहवत नाही, हा लिहील." त्यांनी कोपऱ्यातल्या शिपायाला खूण केली. पावती हातात घेऊन इतकी आनंदलेली बाई त्या चौकीनं पूर्वी पाहिली नसावी.

त्या संध्याकाळी निरुपमानं सगळं घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आनंद एकटाच, फळं घेऊन, पिलाजीरावांच्या घरी जाऊन आला. चिमणाबाईंना मोठ्यानं ओरडून सगळी हकिगत समजावली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तरीच वाऱ्याची झुळूक मधेच बंद झाली."

संयोगिताबाईंच्या मनात मात्र हा विषय घर करून राहिला. त्या मला म्हणाल्या, "मी पोरींना चढावर गाडी उभी करायला शिकवते, रिव्हर्स शिकवते. पण पोलिसानं हात दाखवला तर काय करायचं, हे मी कुणाला शिकवलंच नाही. माझ्याच मनात यायचं की, पोलीस दिसला तर दुसऱ्या रस्त्यानं जावं."

प्लॅस्टर निघाल्यावर त्या पिलाजीरावांकडे गेल्या. सुटीच्या दिवशी समाच्या मैदानावर येऊन माझ्या मुलींना थांबवाल का, असं त्यांनी विचारलं. पिलाजीराव आधी संकोचले. साहेबांना विचारतो म्हणाले. साहेबांनी हसून परवानगी दिली. आणि एका रविवारी सकाळी ते खरोखरच गणवेशात, सायकलवरून, मैदानावर हजर झाले.

त्या दिवशी शिकणाऱ्यांच्या बरोबरीनं आम्ही जुन्या बायकाही गेलो होतो. मारुती मैदानाला वळसा घालून यायची आणि पिलाजीराव हात दाखवायचे. इंडिकेटर द्यायचा, डावीकडे घ्यायची, इंजिन बंद, काच खाली, हात स्टिअरिंगवर. मग विचारायचं, "बोला जमादार, काय झालं?" पहिल्या काही जणी त्यांना बघून खरंच घाबरल्या. एकीनं तर काच वरच करून घेतली. तेव्हा बाई गाडीतून उतरून म्हणाल्या, "जमादार, तुम्ही काठी आधी काखेत धराल का? आणि काय चुकलं ते आधी सांगाल का? कागद नंतर मागा."

पिलाजीरावांनी थोडा विचार केला. पुढच्या गाडीला त्यांनी हात दाखवला, काठी काखेत घेतली, काचेशी थोडं वाकले आणि म्हणाले, "नमस्ते बेन. तमारी पाछळनी लाइट चालती नथी." गाडीतल्या मुलीचे खांदे खाली आले. ती म्हणाली, "थँक्यू जमादार, मागचा दिवा आजच दुरुस्त करते." आम्ही सगळ्याच हसलो. पिलाजीरावही हसले आणि म्हणाले, "असं बोललं की माझंही काम सोपं होतं. नाहीतर दिवसभर लोकांचे खोटे बहाणे ऐकून कान किटतात."

ते वर्षानुवर्षं येत राहिले. पुढे सर्कलवर आपल्या हाताखालच्या नव्या शिपायांनाही ते तसंच शिकवू लागले, आधी नमस्ते, मग कारण, मग कागद. सगळे काही ऐकत नव्हते. पण जे ऐकत, त्यांच्यासमोर लोक फारशी हुज्जत घालत नसत, असं ते सांगायचे.

पिलाजीराव निवृत्त झाले. नंतर गुडघे दुखू लागले तशी बाईंनीही शाळा बंद केली. गेल्या वेळी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला एक गंमत सांगितली. इतकी वर्षं गाडी शिकवली, पण त्यांना स्वतःला कुठल्याही पोलिसानं कधी थांबवलंच नव्हतं. परवा फत्तेगंजच्या नाक्यावर एका तरुण पोलीस मुलीनं हात केला.

"काय सांगू तुला," बाई म्हणाल्या, "छाती अशी धडधडली. गाडी बाजूला घेतली, काच खाली केली, पण विचारायला तोंडातून शब्द फुटेना. ती वाकून म्हणाली, 'नमस्ते माजी, तमारा पाछला टायरमां हवा ओछी छे. आगळ पंप छे.' बस, एवढंच."

"मग?"

"मग काय, हवा भरली आणि घरी आले. चहा केला. इतकं हलकं वाटलं की नारायणरावांना दोनदा सांगितलं."