प्रभू, कोणाला तरी पाठव

मित्रांनो, दुपारपासून चैन पडत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या चर्चची घरगुती प्रार्थना आज जरीपटका भागात होती. चर्चमधल्या शांतामावशी एकट्या राहतात. त्यांनी प्रार्थनेसाठी विनंती सांगितली की उद्यापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे, आणि सकाळी दवाखान्यात न्यायला कोणी नाही.

चर्चच्या पाळकांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी चांगली लांबलचक केली. "प्रभू, मावशींसाठी कोणाला तरी पाठव." सगळ्यात मोठं आमेन मावशींचंच होतं.

डोळे उघडले तर हातात माझ्याच कारची किल्ली. तरी चहा पिऊन गुपचूप निघून आलो. एकदा हो म्हटलं की दर मंगळवार, दर शुक्रवार गळ्यात पडणार, ही भीती.

घरी बसवेना. शेवटी फोन लावला. "मावशी, गाडीचं जमलं का?"

"अजून नाही. पण तू मागितलं ना बेटा देवाले? मी सहाले तयार होऊन बसते."

"उद्या मी येतो," एवढंच बोललो.

शुक्रवारसाठी कोणाला तरी पाठव, असं देवाला म्हणायची आता हिंमत होत नाही. तुमची झाली असती का?