किल्लारीला, शेवंताबाईंकडे जेवायला

"मला किल्लारीला न्हेतीस का? शेवंताबाईकडं." मायनं परवा एकाएकी विचारलं. गाव सोडून नांदेडला आल्यापासून तिनं हे नाव घेतलं नव्हतं.

सकाळची लातूर गाडी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यात खिडकी मिळाली! अहमदपूरला चहा घेताना मी शेवंताबाईंची अंगणवाडी आठवत होते. भूकंपानंतरचं पत्र्याचं शेड, तापलेली जमीन, ताटलीत वाफाळती मटकीची उसळ. किती गोड लागायची! शेवंताबाई बौद्धवाड्यातल्या. त्यांच्या हातचं खाते हे आजीला कळलं आणि माझी अंगणवाडी बंद झाली.

"तुझा धाकटा भाऊ पोटात व्हता तवा मी लई अशक्त व्हते," माय म्हणाली. "तुझी आजी मलाबी जाऊ देईना. मग बाईच अंगणवाडीतली सुकडी घेऊन रानात यायची. मी तुरीच्या आड बसून खायची. एकदा ती घरी आली, तर मी तिला दारातच उभी केली. पाणी बी वरून ओंजळीत वाढलं."

लातूरहून औसामार्गे किल्लारी तास-दीड तास. परतीच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर विचारून ठेवा. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, गल्ल्या सरळ, घरं सारखी, दोनदा चुकलो.

शेवंताबाईंनी मायला लगेच ओळखलं. "वहिनी! किती वाळलात!" येतोय म्हणून फोन केला होता, त्यामुळं भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी तयार होती. माय ताटावर बसली, पण हात घालेना.

"बाई, मी तुमाला दारात..."

"ठाऊक हाय. लई वाईट वाटलं व्हतं मला."

"तरी दुसऱ्या दिवशी आलात?"

"न येऊन कसं चालंल? दर महिन्याला वजन मीच करीत व्हते. तुमचं वाढतच नव्हतं."

माय रडत रडत जेवली. बाईंनी तिला दोनदा वाढलं. निघताना माय म्हणाली, "नांदेडला या. आमच्यात ऱ्हावा चार दिवस."

"बघू," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मायनं धाकट्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी आणतो त्यांना. रविवारीच जातो."

"जा. पण आग्रह करू नको," माय म्हणाली. "मला तीस वर्सं लागली जायला. तिला लागतील तेवढे दिवस लागू दे."