निम्मं आटवलेलं पाणी

चंदीगडजवळ झिरकपूरला राहायला आलो आणि नवऱ्याला कावीळ झाली. पाणी उकळून प्या, असं डॉक्टर म्हणाले. नुसतं उकळू नकोस, निम्मं आटव, असं आईने साताऱ्याहून फोनवर बजावलं. मी महिनाभर आटवलं. मग एकदा सोसायटीच्या बोअरचं पाणी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. दिवसभर मी गावोगावचं पाणी तपासते, घरचं तपासायचं मेलं सुचलंच नव्हतं. त्यात शिसं निघालं. उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही. पाणी निम्मं झालं की त्यातलं शिशाचं प्रमाण दुप्पट होतं, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते. न उकळावं तर पुन्हा कावीळ. विकतचे जार कुठल्या बोअरवर भरतात, कोण जाणे. संध्याकाळी नवऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला. "नीट आटवलंयस ना?"

मी हो म्हणाले आणि ग्लास त्याच्या हातातून काढून घेतला. आता त्याला प्यायला काय द्यावं, ते मला कळेना.