उजवीकडचा तलाव

आईला दहावी पास व्हायचं होतं आणि मध्ये गणित आडवं आलं होतं. ती बाहेरून परीक्षेला बसत होती. सावली गावातल्या एका दवाखान्यात मदतनिसाची जागा निघणार होती, तिला दहावीची अट होती. गणितात ती एकदा आपटली होती. यंदा नाही जमलं तर हा नाद सोडणार, असं तिनं जाहीर करून टाकलं. मी कॉलेजातून सुट्टीवर आलेली, म्हणून शिकवणी माझ्या गळ्यात पडली.

रेषेचा चढ तर तिच्या हातचा मळ, असं मला वाटलं होतं. सारं आयुष्य धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांत गेलेलं. बांधीत पाणी कुठं साचतं आणि कुठून निसटतं, हे तिला नुसतं उभं राहून कळतं. पण तिचं प्रत्येक उत्तर उलटं यायचं. y = 2x + 3 ची रेघ ती सुबक काढायची आणि खाली लिहायची, चढ उणे दोन. उणे असला की अधिक. एकही चुकून बरोबर येईना. माझं डोकं फिरलं. एवढं सातत्य हुशार पोरांनाही जमत नाही.

शेवटी मी तिला रेघेवरून बोट फिरवायला लावलं. बोट उजव्या टोकाला टेकलं आणि घसरत डावीकडे आलं.

"उजवीकून काऊन येऊन राह्यली?" मी विचारलं.

"पाणी तं तलावाकूनच येते ना," ती म्हणाली.

आमच्या घरातून शेतावर गेलं की तलाव उजव्या हाताला. गणितात मात्र रेघ डावीकडून उजवीकडे वाचतात. मी हसत सुटले, ती रागावली. मग मी तिला चित्राकडे पाहूच नको म्हटलं. y एकटा कर आणि x ला चिकटलेली संख्या चिन्हासकट उचल, तोच चढ. 2x + y = 5 मधला 2x पलीकडे गेला की उणे होतो, म्हणून चढ उणे दोन. पाचाचा चढाशी संबंध नाही, रेघ किती उंचीवर बसली तेवढंच तो सांगतो. तिनं ऐकलं, पण डोळ्यांना दिसतं ते खोटं कसं, हा तिचा सवाल कायम होता.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर नखं खात बसले. ती पदरानं घाम पुसत आली.

"समीकरण पाहून लेह्यलं," ती म्हणाली. "मंग मनात तलाव डावीकडं नेऊन पाह्यला. दोनी सारकेच आले."

निकाल लागला त्या दिवशी कळलं, ती पास झाली. मला तर स्वतःच्या निकालाचाही एवढा आनंद कधी झाला नव्हता. त्या संध्याकाळी ती घरात दिसेना, म्हणून मी शेतावर गेले. ती पलीकडच्या बांधावर उभी होती, जिथं लग्न होऊन आल्यापासून ती कधी उभी राहिल्याचं मी ऐकलंही नव्हतं. तिथून तलाव डाव्या हाताला येतो.

इथं काय करतेस, असं मी विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली. "इकडून कसं दिसते, पाहून राह्यली."